भुलेआधीची तीन मिनिटे : प्राणवायू, उशी आणि श्वासाचा दाब

धडगाव (जि. नंदुरबार), प्रतिनिधी

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, मोठमोठी शहरे प्राणवायूच्या टाक्यांसाठी धावाधाव करीत असताना नंदुरबारचे नाव एकाएकी देशभर पोहोचले. सातपुड्याच्या कुशीतील हा आदिवासीबहुल जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आहे. आरोग्यसेवेच्या बाबतीत तो राज्याच्या शेवटच्या रांगेत बसणारा, अशीच त्याची ओळख. परंतु तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने येथील पहिला प्राणवायू प्रकल्प सप्टेंबर २०२० मध्ये, पहिल्या लाटेच्या काळातच, उभा राहिला होता आणि पाठोपाठ आणखी प्रकल्पांची भर पडली होती. हवेतूनच प्राणवायू वेगळा काढणाऱ्या या यंत्रांमुळे दुसऱ्या लाटेत जिल्ह्याला बाहेरच्या टँकरची वाट पाहत बसावे लागले नाही.

प्राणवायू गावात येऊन पोहोचणे ही पहिली पायरी झाली. तो रुग्णाच्या छातीत आणि रक्तात पुरेसा साठवणे हे निराळे काम आहे, आणि त्याची खरी परीक्षा शस्त्रक्रियेच्या टेबलावर, भूल देण्याआधीच्या तीन-चार मिनिटांत होते. या मिनिटांत रुग्णाला कसे निजवले, डोके किती वर केले, मास्क चेहऱ्यावर किती घट्ट बसवला आणि श्वासमार्गात थोडासा दाब ठेवला की नाही, यावर पुढची काही मिनिटे अवलंबून असतात. अक्राणी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेल्या धडगावसारख्या घाटमाथ्यावरच्या गावी, जिथे अडचण आली तर दुसरा भूलतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर नसतो, तिथे या साध्या गोष्टींचे मोल शहरातल्यापेक्षा कितीतरी अधिक आहे.

श्वास थांबतो तेव्हा

संपूर्ण भूल देताना रुग्णाला आधी झोपेचे औषध दिले जाते आणि त्यामागोमाग स्नायू शिथिल करणारे औषध. दुसऱ्या औषधाने हातापायांबरोबर श्वासाचे स्नायूही ढिले पडतात, म्हणजेच रुग्णाचा स्वतःचा श्वास थांबतो. यानंतर भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनलिकेत नळी घालतो आणि मग यंत्राने वा पिशवीने श्वास दिला जातो. श्वास थांबणे आणि नळी जागेवर बसणे यांमधला काळ बहुतेक वेळा मिनिटाभराचाच असतो. परंतु जबडा लहान असेल, मान आखूड असेल, घशात सूज वा रक्त असेल, तर हाच काळ तीन, चार, पाच मिनिटांपर्यंत लांबतो. त्या अवधीत शरीर प्राणवायू वापरत राहते. नवा मात्र येत नाही.

प्रौढ माणसाचे शरीर स्वस्थ पडून असतानाही मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर प्राणवायू वापरते. साधा श्वास सोडल्यानंतर फुफ्फुसांत जी हवा शिल्लक राहते ती सुमारे अडीच लिटर असते. हीच आपली कोठी. बाहेरच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असला तरी फुफ्फुसांच्या तळाशी, कार्बन डायऑक्साइड आणि वाफेच्या भागीदारीमुळे, तो १३-१४ टक्केच उरतो. अडीच लिटरांच्या कोठीत म्हणजे जेमतेम साडेतीनशे मिलिलिटर प्राणवायू, आणि उरलेली जागा जवळजवळ सगळी नायट्रोजनने अडवलेली. नायट्रोजन निरुपद्रवी खरा, पण या प्रसंगी तो काही कामाचा नाही. या साठ्यावर श्वास थांबला तर मिनिटाभरातच रक्तातील प्राणवायू घसरू लागतो.

म्हणून भूल देण्यापूर्वी रुग्णाला काही मिनिटे शुद्ध प्राणवायू श्वासातून दिला जातो. प्रत्येक श्वासागणिक नायट्रोजन बाहेर पडत जातो आणि त्याची जागा प्राणवायू घेतो. हॅमिल्टन आणि ईस्टवुड यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते की साध्या श्वासोच्छ्वासानेही दोन-तीन मिनिटांत फुफ्फुसांतील ९५ टक्के नायट्रोजन धुऊन निघतो. कोठी पूर्ण भरली की अडीच लिटरांत सव्वादोन लिटरांच्या आसपास प्राणवायू मावतो. निरोगी प्रौढाला यामुळे साधारण आठ मिनिटांची उसंत मिळते. एका मिनिटाची आठ मिनिटे! भूलशास्त्रात इतक्या स्वस्तात इतका लाभ देणारी दुसरी गोष्ट क्वचितच सापडेल.

सर्वांनाच आठ मिनिटे मिळत नाहीत, ही गोम मात्र ध्यानात ठेवावी लागते. अतिस्थूल व्यक्तीला कोठी भरूनही तीन मिनिटांच्या आतबाहेरच उसंत मिळते. लहान मुलांची कोठी छोटी आणि वापर मोठा. दिवस भरलेल्या गर्भवतीची कोठी सुमारे पाचव्या हिश्शाने घटलेली असते आणि प्राणवायूची गरज मात्र तितकीच वाढलेली. नळी घालण्यासाठी तातडीच्या वेळी जे अल्पजीवी शिथिलीकरणाचे औषध वापरतात, त्याचा अंमल 'लवकर' उतरतो असे म्हणतात. पण हे लवकर म्हणजे आठ-दहा मिनिटे. नळी बसली नाही तर रुग्ण आपोआप श्वास घेऊ लागेल, या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, असा इशारा अमेरिकी भूलतज्ज्ञ जोनाथन बेन्युमॉफ यांनी १९९७ मध्ये दिला, तो याच हिशेबाच्या आधारे.

मास्कची फट

सिद्धान्त सोपा, व्यवहार तितकासा नाही. मास्क चेहऱ्यावर हलकेच टेकवून ठेवणे ही जगभरात आढळणारी सवय आहे. रुग्ण घाबरतो, रबराच्या वासाने मान वळवतो, आणि मग माणुसकीच्या भावनेने मास्क बोटभर दूर धरला जातो. त्या फटीतून प्रत्येक श्वासाला बाहेरची हवा, अर्थात नायट्रोजन, आत शिरतो. तीन मिनिटे धुऊन काढलेले दोन श्वासांत परत येते. दाढी, दात नसल्याने आत गेलेले गाल, नाकातली नळी, या सर्वांमुळे फट राहते. घट्ट बसलेल्या मास्कची ओळख सोपी आहे : भूलयंत्राची पिशवी श्वासाबरोबर फुगते आणि आकसते. पिशवी हलत नसेल, तर रुग्ण खोलीतली हवा घेत आहे.

येथे भाषेचाही प्रश्न येतो, आणि तो वैद्यकीय पुस्तकांत सहसा लिहिलेला नसतो. अक्राणी तालुक्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकसंख्या अनुसूचित जमातींची, त्यांत पावरा आणि भिल्ल समाज प्रमुख. घरात पावरी वा भिली बोलणाऱ्या बाईला, प्रसूतीच्या कळांनी बेजार असताना, अनोळखी माणसाने तोंडावर काळा मास्क दाबला तर तिला गुदमरल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तिच्या भाषेत दोन वाक्ये सांगणारी परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती उशाशी असेल, मास्क क्षणभर तिच्याच हातात देऊन तो कसा धरायचा ते दाखवता येत असेल, तर मास्क घट्ट बसतो. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

साठा भरला की नाही, हे कसे ओळखावे? बोटाला लावलेला ऑक्सिमीटर, जो करोनाकाळात घरोघरी पोहोचला, या कामी अपुरा आहे. तो रक्तातील प्राणवायू दाखवतो, कोठीतला नव्हे. निरोगी माणसाचा आकडा साध्या हवेवरही ९८ असतो आणि तीन मिनिटे प्राणवायू दिल्यावर १०० होतो; पण कोठी अर्धी भरली की पूर्ण, हे त्या १०० मधून कळत नाही. शिवाय बोटावरचा आकडा प्रत्यक्ष घसरणीच्या मागे अर्धा मिनिट वा त्याहूनही अधिक रेंगाळतो. खरे मोजमाप म्हणजे सोडलेल्या श्वासातील प्राणवायूचे प्रमाण. ते ९० टक्क्यांपर्यंत पोहोचले की काम झाले असे मानतात. हे मोजणारे यंत्र नसेल तिथे घड्याळ हाच आधार : घट्ट मास्क, मिनिटाला दहा लिटर वा अधिक प्रवाह, आणि पुरी तीन मिनिटे. घाई असेल तर एका मिनिटात आठ खोल श्वास. १९९९ मध्ये बैरूतच्या अनीस बराका यांनी मांडलेला हा मार्ग तातडीच्या प्रसंगी जगभर वापरला जातो.

उताणे निजण्याची किंमत

आता प्रश्न निजवण्याचा. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्णाला सपाट, उताणे निजवण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की तिच्यामागे काही कारण असेल असे वाटावे. वास्तविक श्वासाच्या दृष्टीने ही सर्वात गैरसोयीची अवस्था. उभा असलेला माणूस आडवा झाला की पोटातील अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि कोठी अर्धा ते एक लिटरने लहान होते. त्यावर भूल दिली की श्वासपटल आणखी ढिले पडते आणि उरलेल्या कोठीचा आणखी सहावा-पाचवा हिस्सा जातो. फुफ्फुसांचा पाठीकडील भाग आपल्याच भाराने दबतो, तिथले सूक्ष्म वायुकोश मिटतात, आणि मिटलेल्या भागातून जाणारे रक्त प्राणवायू न घेताच परतते. पोट मोठे असेल, मग ते चरबीने असो, गर्भाने असो वा आतड्याला अडथळा आल्याने फुगलेले असो, तर हे सारे दुपटीने घडते.

यावरचा उपाय कोणत्याही आजीला ठाऊक असलेला. दम लागलेला माणूस सपाट झोपत नाही, उशा रचून बसतो. हीच गोष्ट भूलतज्ज्ञांनी घड्याळ लावून तपासली, तीही बरीच उशिरा. योगायोग असा, की २००५ या एकाच वर्षी तीन अभ्यास प्रसिद्ध झाले. पहिल्यात रुग्णांना २० अंश डोके वर करून प्राणवायू दिला गेला. भुलेनंतर श्वास थांबवल्यावर रक्तातील प्राणवायू ९५ टक्क्यांवर येण्यास सरासरी ३८६ सेकंद लागले, सपाट निजलेल्यांत २८३. दुसऱ्यात अतिस्थूल रुग्णांना २५ अंश वर केले. ९२ टक्क्यांवर येण्यास २०१ सेकंद, सपाट अवस्थेत १५५. तिसऱ्या अभ्यासात अतिस्थूल रुग्णांना बसवूनच प्राणवायू दिला. ९० टक्क्यांवर येण्याचा काळ १६२ वरून २१४ सेकंदांवर गेला. पाऊण मिनिट ते पावणेदोन मिनिटे जादा मिळाली, खर्च शून्य. पाऊण मिनिट म्हणजे काय, असे वाचकांना वाटेल. नळी घालण्याचा एक पुरा प्रयत्न तेवढ्या वेळात होतो.

डोके वर करणे म्हणजे मानेखाली जाड उशी कोंबणे नव्हे, हे येथे स्पष्ट करायला हवे. तशाने हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग उलट दुमडतो. पाठ, खांदे आणि डोके असा उतार करावा लागतो. घडी घातलेल्या चादरी, ब्लँकेटे खालपासून वर रचत नेतात. बाजूने पाहिले असता कानाचे छिद्र आणि छातीच्या हाडाच्या वरची खाच एका आडव्या रेषेत आली, की उतार नेमका झाला असे समजतात. याचा दुसरा लाभ असा, की या स्थितीत घशात डोकावून श्वासनलिकेचे तोंड दिसणेही सोपे जाते. टेबलाला तिरके करण्याची सोय असेल तर पायांकडची बाजू खाली केली तरी चालते. खटका बिघडलेल्या जुन्या टेबलावर चादरी हाच पर्याय, आणि तो वाईट नाही.

गर्भवतीच्या बाबतीत चित्र किंचित वेगळे आहे. बराका यांच्याच १९९२ च्या अभ्यासात डोके वर केल्याने इतर स्त्रियांना जेवढा लाभ झाला तेवढा दिवस भरलेल्या स्त्रियांना झाला नाही. पुढे २०११ मध्ये प्रत्यक्ष कोठी मोजून पाहिली तेव्हा ३० अंश वर केल्यावर तीत भर पडते, असे आढळले. लाभ थोडा असला तरी तोटा नाही, म्हणून प्रसूतिकक्षातही उतार देण्याचीच शिफारस केली जाते. सोबत उजव्या कुशीखाली पाचर वा घडी ठेवून पोट डावीकडे झुकवणे आवश्यक. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडला तर आईचा रक्तदाब कोसळतो आणि बाळाचाही पुरवठा आटतो.

फुंकरीएवढा दाब

उतारानंतर येतो दाब. वैद्यकात श्वासमार्गाचा दाब 'सेंटिमीटर पाणी' या मापाने मोजतात. पेल्यातल्या पाण्यात नळी दहा सेंटिमीटर खोल बुडवून फुंकर घातली, की बुडबुडा यायला जेवढा जोर लागतो तेवढा दहा सेंटिमीटर दाब. नवजात अर्भकांच्या कक्षात बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवून बाळाला श्वासाला आधार दिला जातो, तो अक्षरशः याच तत्त्वावर. प्रौढाच्या मास्कमध्ये पाच ते दहा सेंटिमीटर दाब सतत राखला, तर श्वास सोडतानाही वायुकोश पुरते मिटत नाहीत. अर्धवट फुगलेला फुगा पुन्हा फुगवणे सोपे, पार चिकटलेला फुगवणे कठीण. वायुकोशांचे तसेच आहे.

या दाबाचे महत्त्व वाढण्यामागे आणखी एक कारण आहे. शुद्ध प्राणवायूने कोठी भरण्याची एक किंमत चुकवावी लागते. नायट्रोजन रक्तात फारसा शिरत नाही, म्हणून तो वायुकोश उघडे ठेवणाऱ्या भरावासारखा वागतो. तो धुऊन काढला आणि फक्त प्राणवायू ठेवला, तर अरुंद वाटेमागच्या कोशातला प्राणवायू रक्त शोषून घेते आणि कोश मिटतो. स्वीडनमध्ये २००३ साली केलेल्या अभ्यासात १०० टक्के प्राणवायू दिलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाच्या छेदात ५.६ टक्के क्षेत्र मिटलेले आढळले, तर ८० टक्के दिलेल्यांत १.३ टक्के. यावरून कुणी म्हणेल, की मग ८० टक्केच द्यावा. परंतु त्याच अभ्यासात सुरक्षित काळ ४११ सेकंदांवरून ३०३ वर घसरला. मिटलेले कोश नंतर उघडता येतात. हातचे गेलेले सेकंद परत येत नाहीत. म्हणूनच भुलेपूर्वी १०० टक्केच, आणि मिटणे टाळण्यासाठी दाब, हा मार्ग बहुतेकांनी स्वीकारला.

दाबाचा लाभ मोजणाऱ्या अभ्यासांत सर्वच एकमुखी नाहीत. अतिस्थूल स्त्रियांवरील २००१ च्या एका छोट्या अभ्यासात फरक ठळक आला नाही. २००५ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी अतिस्थूल रुग्णांना दहा सेंटिमीटर दाब दिला आणि नळी घालेपर्यंत तो कायम राखला, तेव्हा सुरक्षित काळ १२७ वरून १८८ सेकंदांवर गेला. दोन्हींतला भेद बहुधा 'कायम राखला' या शब्दांत आहे. मास्क उचलताच दाब जातो आणि फुफ्फुसे पुन्हा आकसू लागतात. म्हणून दाब शेवटच्या क्षणापर्यंत हवा. अलीकडचा आणि सर्वात वजनदार पुरावा २०२४ चा. अमेरिकेतील तातडीच्या व अतिदक्षता विभागांत १३०१ अत्यवस्थ रुग्णांवर झालेल्या 'प्रीऑक्सी' चाचणीत नळी घालण्यापूर्वी निम्म्यांना साध्या मास्कने प्राणवायू दिला, निम्म्यांना घट्ट मास्कमधून दाबासह. साध्या मास्कच्या गटात १८.५ टक्के रुग्णांचा प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेला, दाबाच्या गटात ९.१ टक्के. प्रमाण निम्म्यावर आले.

भारतात या विषयावरील मार्गदर्शक सूचना २०१६ मध्येच आल्या होत्या. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या अतिदक्षता विभागाविषयीच्या सूचनांच्या प्रमुख लेखिका मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. शीला नैनन मायात्रा. डोके वर करणे, शक्य तिथे दाबासह प्राणवायू देणे, आणि नळी घालण्याचा प्रयत्न चालू असतानाही नाकातून प्राणवायू वाहता ठेवणे, ही सूत्रे त्यांत आहेत. तिसऱ्या सूत्राची गंमत अशी, की श्वास थांबला तरी रक्त फुफ्फुसांतून प्राणवायू ओढतच राहते, त्यामुळे घशातला वायू आपोआप खाली झिरपतो. नाकातली साधी नळी त्यामुळे काही मिनिटे जोडून देऊ शकते. मात्र श्वासमार्ग मोकळा, जबडा पुढे उचललेला असायला हवा. बंद दारातून काहीच झिरपत नाही.

दाबासाठी व्हेंटिलेटरच हवा, असेही नाही. आपल्याकडील जुन्या बॉइल मशीनला जोडलेल्या बेन सर्किटचा झडपेचा स्क्रू थोडा आवळला आणि मास्क घट्ट धरला, तर पाच-सात सेंटिमीटर दाब सहज राहतो. ॲम्बू बॅगला बसणारी छोटी पीप व्हॉल्व्ह हाही पर्याय आहे.

सातपुड्यातील अधिकचा भार

या परिसरात आणखी दोन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात. प्राणवायूची एक कोठी फुफ्फुसांत, तर दुसरी रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते. १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या पाच लिटर रक्तात जवळपास एक लिटर प्राणवायू असतो. सात ग्रॅमवर आलेल्या मातेच्या रक्तात त्याच्या निम्माही नाही. ऑक्सिमीटर दोघांनाही १०० दाखवतो. गर्भारपणातील रक्तक्षय हे या डोंगररांगांतले जुने दुखणे. तेव्हा येथील मातेच्या वाट्याला पाठ्यपुस्तकातली मिनिटे येणार नाहीत, असे गृहीत धरूनच चालावे लागते.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. भिल्ल आणि पावरा समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात प्राणवायू उतरला की लाल पेशींतले हिमोग्लोबिन गोठल्यागत होऊन पेशी विळ्याच्या आकाराच्या बनतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. इतरांना काही सेकंदांची घसरण सोसते. अशा रुग्णाला तीच घसरण महागात पडू शकते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, त्यातील तपासणीची नोंद शस्त्रक्रियेपूर्वी पाहिली जाणे म्हणूनच निकडीचे.

ज्या प्रकल्पांमुळे नंदुरबारचे कौतुक झाले, त्यांच्याविषयीही एक बारकावा सांगण्यासारखा आहे. हवेतून वेगळा काढलेला हा प्राणवायू साधारण ९३ टक्के शुद्ध असतो. म्हणजे सोडलेल्या श्वासात ९० टक्क्यांचे लक्ष्य गाठणे गणितानेच अशक्य. फार तर ८७ टक्क्यांपर्यंत मजल जाते. साठ्यात पडणारा फरक लहान आहे आणि त्यापायी काळजी करण्याचे कारण नाही. मात्र शेजारी मोजणारे यंत्र असेल तर आकडा ९० वर का जात नाही, म्हणून मास्कशी झटापट करीत बसू नये, इतके माहीत असलेले बरे.

मनुष्यबळाचा प्रश्न मोठा आहे. देशातील ग्रामीण भागातल्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ या चार विशेषज्ञांची कमतरता २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार ८० टक्क्यांच्या जवळ होती. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या काळात एमबीबीएस डॉक्टरांना प्रसूतीच्या तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देण्याचे अल्पमुदतीचे, मूळ आराखड्यानुसार १८ आठवड्यांचे, प्रशिक्षण देण्याची योजना आखली गेली. सिझेरियन बहुतांशी कमरेत सुई देऊन होतात, त्यामुळे संपूर्ण भूल देण्याची वेळ अशा डॉक्टरांवर कमी येते. पण येते तेव्हा ती झटके आलेल्या, रक्तस्राव थांबत नसलेल्या मातेवर येते, आणि रात्री येते. तिथे अंगवळणी पडलेली तीन मिनिटे, उतार आणि घट्ट मास्क यांचाच आधार असतो. नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; तेथून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणात या गोष्टींचा सराव पुतळ्यावर आणि प्रत्यक्ष टेबलाशी करून घेतला जावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

कुठे थांबावे

प्रत्येक रुग्णाला उतार आणि दाब दोन्ही मानवतातच असे नाही. रक्तस्रावाने रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे डोके फार वर केले तर मेंदूकडचा पुरवठा घटतो; छातीत दाब वाढवला तर हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब आणखी पडतो. अशा वेळी आधी सलाईन, रक्त, आणि उतार बेताचा. मणक्याला इजा झाली असेल तर पाठ वाकवता येत नाही. टेबल सरळ ठेवून डोक्याकडची बाजू उचलावी लागते. पोट भरलेले असताना पिशवी जोराने दाबली तर हवा अन्ननलिकेतून जठरात जाते आणि उलटीचा, ती फुफ्फुसांत शिरण्याचा धोका वाढतो. साधारणपणे १५ सेंटिमीटरच्या खाली हा धोका कमी असतो, वीसच्या पुढे वाढतो. म्हणजे दाब हवा, पण सौम्य. बेशुद्ध, उलट्या होत असलेल्या वा चेहऱ्याला मार लागलेल्या रुग्णाला घट्ट मास्क मुळीच योग्य नाही.

शहरी वाचकांपैकी ज्यांना शस्त्रक्रिया करून घ्यायची आहे, त्यांनी यातून एवढे घ्यावे : झोपेत घोरणे, श्वास अडकणे, सपाट निजल्यावर दम लागणे या गोष्टी भूलतज्ज्ञाला आधीच सांगाव्यात, घरी झोपेत लावण्याचे दाबाचे यंत्र असेल तर ते रुग्णालयात सोबत न्यावे, आणि मास्क चेहऱ्यावर घट्ट बसवला जात असेल तर तो दूर सारू नये.

धडगावात ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकत नाही, त्यांना घाट उतरून शहादा वा नंदुरबार गाठावे लागते. नर्मदेच्या काठच्या गावांतून रुग्ण आधी बोटीने, काही पाड्यांवरून बांबूच्या झोळीतून, रस्त्यापर्यंत येतो, तेथून रुग्णवाहिका. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड कोसळली की वाट वाकडी करावी लागते. या प्रवासातही वरचेच नियम लागू आहेत. स्ट्रेचरचा डोक्याकडचा भाग उचलण्याची सोय रुग्णवाहिकेत असते. बेशुद्ध नसलेल्या, धाप लागलेल्या रुग्णाला सपाट निजवून नेण्याचे कारण नसते. प्राणवायूचा हिशेब मात्र निघण्यापूर्वी करावा लागतो. रुग्णवाहिकांत सर्वसाधारणपणे दिसणाऱ्या बी टाइप सिलिंडरमध्ये, तो पूर्ण भरलेला असेल तर, सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू असतो. मिनिटाला १५ लिटरने सोडला तर तो १०० मिनिटे पुरतो, पाच लिटरने ३०० मिनिटे. धडगावहून नंदुरबारला पोहोचायला कोरड्या दिवसांतही दोन तासांहून अधिक लागतात. म्हणजे १५ लिटरची गरज असलेल्या रुग्णासोबत दुसरा भरलेला सिलिंडर, आणि तो उघडण्याची चावी, गाडीत चढवल्याशिवाय चाके हलवता येत नाहीत.